दूरच्या आपद्ग्रस्तांना मदत पाठवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पलूस तालुक्यातील आमचे नदीकाठचे गाव त्या दिवसांत पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर राज्यभरातून आलेल्या मदतीचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात लागले आणि ते लावण्याचे, मोजण्याचे व वाटण्याचे काम आम्हा चार शिक्षिकांकडे आले. मदत घेणाऱ्या बाजूला उभे राहून तीन आठवडे जे पाहिले, त्यामुळे मदत पाठवण्याकडे पाहण्याची माझी दृष्टी कायमची बदलली. दूरच्या जिल्ह्यावर, दूरच्या राज्यावर किंवा परदेशावर संकट कोसळले तर सांगली-साताऱ्यातील तरुण मंडळांनी, बचत गटांनी, शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी मदत कशी उभी करावी, हे त्या अनुभवाच्या आधारे येथे लिहीत आहे. अणुअपघाताचा विचार वेगळा केला आहे, कारण पुराच्या आणि भूकंपाच्या वेळी लागू पडणारे कितीतरी नियम तेथे उलटे होतात.

आमच्या व्हरांड्यातील ढिगात काय होते, हे आधी सांगितले पाहिजे. जुने कपडे इतके आले की दोन वर्गखोल्या भरल्या. त्यांत फाटक्या जरीच्या साड्या होत्या, एकेकच बूट होते, लग्नातले कोट होते. बिस्किटांचे पुडे गरजेच्या कितीतरी पट होते. मात्र घराघरांत गुडघाभर चिखल साचलेला असताना खराटे, फावडी आणि घमेली जवळजवळ नव्हतीच. बायकांसाठी अंतर्वस्त्रे आणि सॅनिटरी पॅड आले ते नवव्या दिवशी. दावणीला वाचलेल्या जनावरांसाठी वैरण हवी होती, तिचा कोणी विचारच केला नव्हता. रस्त्यालगतच्या आळीला शिध्याचे किट तीनदा मिळाले आणि मळ्यातल्या चार घरांना दोन आठवडे काहीच पोहोचले नाही, कारण टेम्पो डांबरी रस्ता संपतो तेथेच रिकामे होत होते. पाठवणाऱ्या प्रत्येकाचे मन मोठे होते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण कोणी आधी विचारले नव्हते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जपानमधील ओकुशिरी या छोट्या बेटावर १९९३ च्या जुलैमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून इतक्या वस्तू आल्या की त्या ठेवण्यासाठी गोदाम उभारावे लागले आणि न वापरल्या गेलेल्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्या संकटग्रस्त बेटाच्याच माथी आला. २००१ मध्ये भूजला भूकंप झाल्यावर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते.

पहिले दोन दिवस

बातमी आल्यापासून पहिले दोन दिवस एकही वस्तू गोळा करू नये. या काळात माणसे वाचवण्याचे काम चालू असते आणि ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, पोलीस आणि त्या गावातील पोरे करीत असतात. आपल्या भागात येणारी या दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळच्या सुदुंबरे येथे आहे. अशा तुकड्यांना आणि रुग्णवाहिकांना रस्ता मोकळा लागतो, आणि हौसेने निघालेले टेम्पो तो रस्ता अडवतात. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडाले तेव्हा कराडहून किंवा सांगलीहून कुंभार्ली घाटाने खाली उतरण्याचा विचार अनेकांच्या मनात आला. परंतु त्याच पावसाने पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या होत्या, म्हणजे ज्या वाटेने आपण मदत घेऊन निघणार त्या वाटेवरच्या माणसांनाच आधी हात हवा होता.

हे दोन दिवस फोनसाठी आहेत. त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ असतो. बाहेरच्या जिल्ह्यातून लावताना त्या ठिकाणचा एसटीडी कोड आधी जोडावा. सरकारी कक्षाकडून गावांची नावे आणि रस्त्यांची स्थिती कळते, पण नेमकी गरज कळण्यासाठी तेथे उभे असलेले एक माणूस हवे, आणि असे माणूस शोधण्यात सांगली जिल्हा नशीबवान आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याचे काम, करीत आहेत. त्यांना तेथील भाषा येते, बाजारातले घाऊक व्यापारी ओळखीचे असतात आणि त्यांच्या शब्दाला तेथे वजन असते. मराठवाड्यावर संकट आले तर दर हंगामात आपल्या कारखान्यांवर टोळ्या घेऊन येणारे ऊसतोड मुकादम गावागावाची खडान्‌खडा माहिती देतात. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत निवृत्त सैनिक आहेत, ज्यांनी अनोळखी मुलखात सामान उतरवण्याचे आणि वाटण्याचे काम शिस्तीने केलेले आहे. गावातल्या कोणाची लेक तिकडे दिली असेल, कोणी बदलीवर गेलेला असेल, तर तोही धागा पकडावा.

त्या माणसाला काय विचारायचे, हे कागदावर लिहून मगच फोन लावावा, कारण पलीकडे बोलणारा थकलेला असतो आणि त्याच्या फोनची बॅटरी संपत आलेली असते. किती कुटुंबे बाधित आहेत आणि ती कोणत्या गावांत वा छावण्यांत आहेत. आज कशाची उणीव आहे आणि आठ दिवसांनी कशाची भासेल. सर्वांत जवळची उघडी बाजारपेठ कोणती. माल उतरवून घ्यायला कोरडी, कुलूपबंद खोली आणि ती सांभाळणारे माणूस आहे का. शेवटच्या गावापर्यंत ट्रक जातो, टेम्पो जातो की ट्रॅक्टर लागतो. आणि इतर कोणी काय कबूल केले आहे, एवढे प्रश्न पुरेत. खाण्यापिण्याच्या सवयीही विचाराव्यात. केरळमधल्या घरांत उकड्या तांदळाचा भात शिजतो. तेथे ज्वारीच्या पिठाची पोती पाठवून उपयोग नाही. दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, एकाच व्यक्तीने फोन करावा. गावातून दहा जणांनी दहा फोन केले की पलीकडचा माणूस फोन उचलणेच बंद करतो, आणि ते योग्यच असते.

वस्तू पाठवायच्या असतील तर

माझे ठाम मत असे आहे की जवळची बाजारपेठ उघडी असेल तर वस्तू पाठवूच नयेत. तेथील दुकानदारालाही संकटाचा फटका बसलेला असतो. आपल्या पैशाने त्याच्या दुकानातला तांदूळ विकला गेला तर दोन घरे सावरतात, आणि आपला वाहतूक खर्च वाचतो तो वेगळाच. तेथे जे मिळतच नाही, किंवा एवढ्या संख्येने मिळत नाही, तेवढेच इकडून न्यावे.

आपल्याकडून नेण्याजोगे बरेच आहे. तासगावचे बेदाणे, गूळ, फुटाणे आणि शेंगदाण्याचे लाडू हे न शिजवता खाता येतात, टिकतात, थोड्या वजनात पुष्कळ बळ देतात आणि लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना चालतात. शेतीसाठी लागणाऱ्या जाड ताडपत्र्या आपल्या बाजारात सहज मिळतात. प्रत्येक ताडपत्रीबरोबर दहा-बारा मीटर दोरी बांधून द्यावी, कारण दोरीवाचून ताडपत्री छप्पर होत नाही. पूर ओसरला असेल तर चिखल काढण्याचा संच पाठवावा : एक फावडे, दोन घमेली, दोन खराटे, रबरी पट्टीचा वायपर, गमबूट, जाड हातमोजे आणि जंतुनाशक. दहा घरांमागे असा एक संच दिला तरी पाळीपाळीने सगळी आळी स्वच्छ होते. थंडीचे दिवस असतील तर घोंगड्या व चादरी. जनावरे असतील तर पेंड आणि सुकी वैरण, पण वैरण वाटेत भिजणार नाही याची खात्री करूनच.

कपड्यांच्या बाबतीत कठोर व्हावे. नवी अंतर्वस्त्रे, गाऊन, लुंग्या, टॉवेल आणि मुलांचे मापवार कपडे एवढेच घ्यावेत. वापरलेले कपडे घ्यायचेच असतील तर स्वच्छ धुतलेले, बटणे शाबूत असलेले आणि आपण स्वतः पाहुण्यांकडे घालून जाऊ असेच घ्यावेत. बाकीचे देणाऱ्याला आदराने परत करावेत. या परत करण्याने गावात रुसवेफुगवे होतात, पण ते सोसावेत.

औषधांबद्दल एक इशारा आवश्यक वाटतो. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव जवळ असल्यामुळे औषधांची खोकी गोळा करण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. घरात उरलेल्या गोळ्या, मुदत संपत आलेल्या बाटल्या आणि नमुन्याची पाकिटे कधीही पाठवू नयेत. तेथील शासकीय रुग्णालयाने लेखी यादी दिली असेल तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेली औषधे द्यावीत. जलसंजीवनीची पाकिटे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे द्रावण यांची गरज मात्र बहुतेक ठिकाणी असते. कोणाच्या फारसे लक्षात येत नाही अशी एक वस्तू म्हणजे चष्मा. पुरात आणि भूकंपात म्हाताऱ्या माणसांचे चष्मे जातात, आणि मग ती माणसे कागदावर काय लिहिले आहे ते न पाहता अंगठा देत राहतात. डोळे तपासणाऱ्या एका तंत्रज्ञाला वाचनाच्या चष्म्यांच्या पेटीसह तेथे पाठवणे हे शंभर चादरींइतके मोलाचे काम आहे.

बांधणीत एका गोणीत एकच प्रकार असावा. गोणीचे वजन २० किलोच्या वर जाऊ नये, कारण पलीकडे ती उचलणारी एखादी बाईच असण्याचा संभव अधिक. दोन्ही बाजूंना आतील वस्तू, संख्या आणि माप त्या प्रदेशाच्या लिपीत लिहावे. गलाई व्यावसायिकाकडून दहा शब्द लिहून मागवले की काम भागते. यादीच्या तीन प्रती कराव्यात : एक चालकाजवळ, एक घेणाऱ्याकडे, एक आपल्याकडे. गाडीबरोबर संस्थेचे पत्र असावे. वाटप माणशी न करता कुटुंबागणिक करावे, आणि पहिला किट रस्त्यापासून सर्वांत दूर असलेल्या घराला द्यावा.

वाटताना फोटो काढू नयेत. आमच्या गावात एका गटाने किट हातात देताना प्रत्येकाला कॅमेऱ्याकडे पाहायला लावले होते. तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी पदर पूर्ण तोंडावर ओढून घेतला आणि किट न घेताच त्या माघारी गेल्या. हिशेबासाठी पुरावा हवा असेल तर घेणाऱ्याची सही असलेली वही आणि रिकाम्या झालेल्या गाडीचा फोटो पुरतो.

पैसे गोळा करताना आणि पाठवताना

संस्था नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक वर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडून परवानगी घ्यावी, जशी गणेशोत्सव मंडळे घेतात. छापील क्रमांकांची पावती पुस्तके वापरावीत आणि आलेली रोकड त्याच दिवशी बँकेत भरावी. चावडीच्या फळ्यावर देणाऱ्यांची नावे लिहावीत, रकमा लिहू नयेत. मजुरी करून वीस रुपये देणारी बाई आणि वीस हजार देणारा बागायतदार यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. एकूण जमा आणि एकूण खर्च मात्र त्याच फळ्यावर पै-पैशासह लिहावा.

स्वतः वाटप करण्याची ताकद नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, भारतीय रेडक्रॉस किंवा बाधित राज्याचा अधिकृत मदत निधी हे मार्ग आहेत. मोबाइलवर आलेल्या क्यूआर कोडवर पैसे कधीही टाकू नयेत. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर खोट्या खात्यांचे पेव फुटते, त्यामुळे खाते क्रमांक त्या सरकारच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्राप्तिकराची ८० जी सवलत हवी असणाऱ्यांनी २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये, कारण त्यावर सवलत मिळत नाही. परदेशातील आपत्तीसाठी त्या देशाच्या दूतावासाने काढलेले आवाहन पाहावे. जपानचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. सार्वजनिक न्यासाने परस्पर परदेशी पैसे पाठवण्याआधी सनदी लेखापालाचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण न्यासांची करसवलत भारतात केलेल्या खर्चाशी बांधलेली असते.

मिरजेची पाणीगाडी

दूरच्या लोकांना मदत पोहोचवण्याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच घडले आहे, म्हणून त्याकडे बारकाईने पाहावे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत असताना मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी पाठवण्यात आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या आणि एका खेपेत २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. अंतर जवळपास साडेतीनशे किलोमीटर.

हे साधले ते दोन्ही टोकांना आधी तयारी झाल्यामुळे. वाघिणी राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यात आतून स्वच्छ करून आणल्या होत्या, मिरजेत त्या भरण्यासाठी जलवाहिनी टाकली होती, आणि लातूरला पाणी उतरवून घेऊन शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेण्याची सोय केली होती. पहिल्या छोट्या गाडीने सगळी साखळी तपासली गेली आणि मगच मोठ्या गाड्या सुटल्या. गावाने एक टेम्पो पाठवतानाही हाच क्रम ठेवावा : आधी एक लहान गाडी पाठवून माल शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो का ते पाहावे, तिच्यातून आलेल्या तक्रारी ऐकाव्यात आणि त्यानुसार दुसरी भरावी.

प्रत्यक्ष जायचे असेल तर

सुतार, गवंडी, वायरमन, पंप दुरुस्त करणारे, परिचारिका, पशुवैद्यक, ट्रॅक्टर व जेसीबी चालक यांनी जावे. बाकीच्यांनी त्यांच्या जाण्या-येण्याचा खर्च करावा आणि त्यांच्या घरची कामे उरकावीत. जाणाऱ्याने स्वतःचे अन्न, पाणी, अंथरूण आणि परतीचे इंधन बरोबर न्यावे. २०११ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ४६ जणांची तुकडी जपानच्या ओनागावा या उद्ध्वस्त गावी गेली, तेव्हा ती आपली साधने आणि शिधा घेऊन गेली होती आणि कडाक्याच्या थंडीत तिने ढिगाऱ्यात शोधाचे काम केले. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी लेप्टोस्पायरोसिस या उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराबाबत निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये.

अणुअपघात झाला तर

अणुअपघातात दिसण्यासारखे काही नसते. घर उभे असते, शेत हिरवे असते, विहिरीत पाणी असते, आणि तरीही माणसांना तेथून निघावे लागते. ११ मार्च २०११ रोजी ९.० तीव्रतेच्या भूकंपाने जपानमधील फुकुशिमा दाइची अणुऊर्जा केंद्राचा बाहेरून येणारा वीजपुरवठा तुटला, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रे निकामी केली, अणुभट्ट्या थंड ठेवण्याची व्यवस्था बंद पडली आणि तीन भट्ट्यांमधील इंधन वितळले. २० किलोमीटरच्या परिघातील वस्ती रिकामी करण्यात आली आणि नंतर ४० किलोमीटरच्या आसपास असलेले इताते हे गावही हलवावे लागले, कारण वारा आणि पाऊस परिघ पाहून वाहत नाहीत. दीड लाखांहून अधिक माणसे घराबाहेर पडली. त्यापूर्वी पंचवीस वर्षे, २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली, तेव्हा शेजारच्या प्रिप्यात शहरातील लोकांना दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांसाठी म्हणून, बसमध्ये बसवले गेले. ते शहर पुन्हा वसले नाही.

म्हणून येथे पहिला नियम असा की तीन दिवसांच्या शिध्याचा विचार सोडून पुढच्या पाच-दहा वर्षांचा विचार करावा. फुकुशिमा प्रांतात त्सुनामीच्या लाटेने सुमारे १,६०० माणसे गेली, आणि पुढे विस्थापनाचा शीण, तुटलेले उपचार आणि ढासळलेली प्रकृती यांमुळे झालेले मृत्यू २,३०० च्या वर नोंदले गेले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. दूरच्या माणसाने पैसे द्यायचे ते यासाठी : छावणीतील वृद्धांची देखभाल, रक्तदाबाची व मधुमेहाची नियमित औषधे, मनाला आधार देणारे समुपदेशक, एका गावाची माणसे एकाच वस्तीत राहावीत यासाठी लागणारी घरे. कोयना धरणासाठी उठून गेलेल्या गावांच्या वंशजांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा नियम म्हणजे आयोडीनच्या गोळ्या गोळा करू नयेत, पाठवू नयेत आणि स्वतःही घेऊ नयेत. अपघातात बाहेर पडणारे किरणोत्सारी आयोडीन-१३१ थायरॉईड ग्रंथीत साठते, आणि पोटॅशियम आयोडाइड त्या ग्रंथीत आधीच जागा अडवून ठेवते; परंतु ही गोळी संपर्काच्या अगदी आधी किंवा नंतरच्या काही तासांतच उपयोगी पडते, सिझियमसारख्या अन्य द्रव्यांपासून तिचे संरक्षण नाही, आणि ती केव्हा घ्यायची हे तेथील प्रशासन ठरवते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते; आपली खोकी पोहोचेपर्यंत गोळीची वेळ निघून गेलेली असते. २०११ मध्ये अमेरिकेत, हजारो किलोमीटर दूर, लोकांनी या गोळ्यांची दुकाने रिकामी केली, त्यात कोणाचेच हित झाले नाही. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला त्यात दूषित दुधाचा मोठा वाटा होता. तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी दूध बंद केले असेल तर लहान मुलांसाठी दूध पावडरीची मागणी आहे का, हे मात्र जरूर विचारावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. किरणोत्सार हा देवीसारखा किंवा करोनासारखा एका माणसाकडून दुसऱ्याला लागणारा रोग नाही. अंगावर, कपड्यांवर धूळ बसलेली असेल तर बाहेरचे कपडे उतरवून अंघोळ केल्यावर ती बहुतांशी जाते, आणि तपासणी होऊन आलेल्या माणसाशेजारी बसण्यात, त्याच्या मुलाबरोबर डबा खाण्यात कोणताही धोका नसतो. तरीही हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना लग्नात आणि नोकरीत नाकारले गेले, आणि फुकुशिमातून हलवलेल्या मुलांना नव्या शाळांमध्ये छळ सोसावा लागला. उद्या देशात कोठेही असे विस्थापन झाले आणि एखादे कुटुंब आपल्या गावात भाड्याने खोली मागत आले, तर ती त्याला मिळाली पाहिजे आणि त्याच्या मुलीला आपल्या शाळेत पहिल्या बाकावर जागा मिळाली पाहिजे. शिक्षकांनी याची तयारी आधीच करावी. विज्ञानाच्या तासाला आठवी-नववीच्या मुलांना एवढे समजावता येते.

तेथील शेतकऱ्याच्या मालाबद्दलही हाच न्याय आहे. जपानने २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी किलोमागे १०० बेक्वेरेलची (बेक्वेरेल हे पदार्थातील किरणोत्सार मोजण्याचे एकक) मर्यादा घातली आणि फुकुशिमातील तांदळाचे प्रत्येक पोते तपासले जाऊ लागले. मर्यादेत असलेला तांदूळ आणि पीच तरीही केवळ नावामुळे पडून राहिले. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली तेव्हाचे दिवस पाहिले आहेत. ज्याच्या बागेत ते वापरलेच नव्हते, त्याचाही माल त्या वेळी संशयाखाली आला. तपासून मंजूर झालेला माल बदनाम न करणे हीदेखील मदत आहे.

आकडे वाचायला शिकावे. किरणोत्साराचा आकडा ‘तासाला’ आहे की ‘वर्षाला’ हे लिहिलेले नसेल तर तो पुढे पाठवू नये. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) एवढा किरणोत्सार मिळत असतो, हे प्रमाण मनात असले म्हणजे बातमीचा अंदाज येतो. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या आणि परदेशात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निवेदनांवर भिस्त ठेवावी. तथापि सरकारी आकड्यांवर लोकांचा विश्वास नसेल तर मोजमाप लोकांच्या हाती देणे हाही उपाय आहे : २०११ मध्ये सेफकास्ट या स्वयंसेवी गटाने किरणोत्सार मोजणारी गायगर यंत्रे तयार करून मोटारींवर बसवली, जपानभर मोजणी केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली, त्यात जपानबाहेरच्या तंत्रज्ञांचाही हातभार होता. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना घरी बसून करता येण्याजोगे काम हेच आहे. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रह चित्रांवरून वाड्या आणि पायवाटा नकाशावर उतरवल्या आणि मदत पथकांनी ते नकाशे वापरले.

अणुकेंद्राचे नाव बातमीत आले म्हणजे अणुअपघातच झाला, असेही समजू नये. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कल्पक्कमच्या अणुऊर्जा केंद्रात समुद्राचे पाणी शिरले, पण अणुभट्टी सुरक्षित बंद झाली. माणसे गेली ती लाटेने, आणि गरज होती ती कोळीवाड्यांना होड्या आणि जाळ्यांची.

मुलांना काही आठवडे दूर नेऊन विश्रांती देण्याचा मार्ग चेर्नोबिलनंतर अनेक देशांनी चोखाळला. आयर्लंड, इटली आणि जर्मनीतील कुटुंबांनी बेलारूस आणि युक्रेनमधील मुले उन्हाळ्यात आपल्या घरी ठेवली. क्यूबाने हवानाजवळच्या तारारा येथे १९९० पासून वीस हजारांहून अधिक रुग्णांवर, मुख्यतः मुलांवर, उपचार केले. आपल्याकडे पाचगणी-महाबळेश्वरची निवासी शाळांची गावे मे महिन्यात या कामी येऊ शकतात, निदान देशातल्या आपद्ग्रस्त मुलांसाठी. मुले आणायची असतील तर त्यांच्या भाषेचे शिक्षक, आई-वडिलांपैकी कोणीतरी, आरोग्य तपासणीचे कागद आणि बालकल्याण समितीला दिलेली माहिती यांशिवाय आणू नयेत.

सहा महिन्यांनंतर

वर्तमानपत्रांतून बातमी गेली की दूरच्या माणसाचे खरे काम सुरू होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून वर्षानुवर्षे शिकवले. अशी जबाबदारी गावपातळीवर एका मुलापुरतीही घेता येते. एका गावाने एक गाव धरावे, आणि त्या गावातील पाच-दहा विद्यार्थ्यांची फी, वह्या आणि वसतिगृहाचा खर्च तीन वर्षे चालवावा. संकटग्रस्तांचे भिजलेले सातबारे, शिधापत्रिका, गुणपत्रिका आणि बँक पासबुके पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज भरून देणे, पंचनाम्यात नाव सुटले असेल तर तलाठ्यापासून तहसीलदारांपर्यंत पाठपुरावा करणे, ही कामे निवृत्त कर्मचारी फोनवरूनही करू शकतात. जपानमध्ये त्सुनामीच्या चिखलातून मिळालेली लाखो कौटुंबिक छायाचित्रे स्वयंसेवकांनी एकेक धुऊन, वाळवून मालकांना परत केली. २०१९ मध्ये आमच्या आळीतल्या एका घरी लग्नाचा एकुलता एक फोटो असा कोणी धुऊन दिला असता, तर त्या बाईने शिध्याच्या किटपेक्षा तो उराशी अधिक घट्ट धरला असता.

यासाठी एक वही घालावी. पहिल्या पानावर त्या गावातील संपर्काच्या माणसाचे नाव, पुढे ज्या ज्या गोष्टी कबूल केल्या त्या तारखेसह, आणि प्रत्येकीसमोर ती पूर्ण करणाऱ्याची सही. दर महिन्याच्या एक तारखेला फोन कोणी करायचा हे वहीत बारा महिन्यांसाठी आधीच लिहून ठेवावे, म्हणजे शेतीच्या सुगीत, लग्नसराईत किंवा निवडणुकीच्या धामधुमीत तो राहून जाणार नाही. पुढच्या मृगाच्या आधी, मेअखेरीस, त्या गावाला एवढे विचारावे की छपरे झाली का आणि बियाणे घरात आले का. उत्तर नकारार्थी असेल तर वहीचे नवे पान उघडावे.